कमान नको, वर्ग हवा!

गावात जत्रा आली की वर्गणीला कुणी नाही म्हणत नाही. देवळाचा जीर्णोद्धार निघाला की परगावी नोकरीला असलेली मुलंसुद्धा आठवणीनं पैसे पाठवतात. पण प्राथमिक शाळेला एक खोली वाढवायची म्हटलं, की लगेच उत्तर येतं, 'ते सरकारचं काम आहे हो!'

सरकारचं काम आहे, हे खरंच. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यात प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी हे सगळं स्पष्ट लिहिलंय. तेव्हा ग्रामसभेत ठराव करून जिल्हा परिषदेकडे मागणी करायचीच, पाठपुरावाही सोडायचा नाही. पण कागद फिरेपर्यंत पहिलीतलं पोर चौथीत जातं. तोवर त्यानं दोन वर्गांच्या गोंगाटात अर्ध्या फळ्याकडे बघत शिकायचं का? म्हणून लोकवर्गणी.

मात्र ही वर्गणी कोण मागतं, आणि पैशांचं काय करायचं हे कोण ठरवतं? बचत गटांच्या कामानिमित्त मी खेड्यापाड्यांत फिरते. एका वस्तीवरच्या बैठकीत पुढे बसलेल्या मंडळींनी सर्वांत आधी काय काढलं, तर शाळेची कमान! देणगीदारांची नावं कोरलेली. दाराशी बसलेली एक आजी म्हणाली, "कमानीखाली पोरं बसवायची हायती व्हय? व्हरांडा गळतुया, तिथंच पोरं खिचडी खात्यात." सगळे हसले, पण कमानीचा विषय तिथंच संपला.

मुलगी मधल्या सुट्टीत घरी का पळून येते, हे आईला माहीत असतं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असं कायदा सांगतो, तो उगाच नाही. पण बऱ्याच ठिकाणी बाईची सही घरपोच घेतली जाते, निर्णय आधीच झालेला असतो. मैत्रिणींनो, ती सही करण्याआधी कागद वाचायला मागा!

रयत शिक्षण संस्था १९१९ मध्ये स्थापन झाली. वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रही ठेवलं नाही. आपण ही गोष्ट भाषणांत सांगतो, डोळे पुसतो आणि घरी जातो. मला वाटतं, त्यातून शिकायचं ते वेगळंच. एकटीवर मंगळसूत्र मोडायची वेळ येऊ नये, म्हणून सगळ्यांनी मूठमूठ द्यायचं. एका बड्या देणगीदारापुढे हात जोडले तर खोलीला त्याचं नाव लागतं. शंभर घरांनी थोडं थोडं दिलं, तर खोली गावाची होते. मग तिची काच फुटली, तर लक्षही गावच ठेवतं.

करणं फार अवघड नाही. आधी जिल्हा परिषदेची परवानगी आणि अभियंत्याकडून अंदाजपत्रक घ्यावं. पैसे कुणाच्या घरी न ठेवता समितीच्या बँक खात्यात भरावेत. दहा रुपयांचीही पावती द्यावी आणि जमाखर्च शाळेच्या फळ्यावर लिहावा. संक्रांतीला प्लॅस्टिकचे डबे वाण म्हणून वाटण्यापेक्षा ते पैसे शाळेला द्यावेत. ज्या घरी पैसे नाहीत, तिथून एक दिवसाचं श्रमदान घ्यावं. पण त्या घराचं नावही फळ्यावर यायला हवं. आणि हो, वर्गणी दिली नाही म्हणून कुणाच्या मुलाला चार शब्द ऐकवायचे नाहीत. शाळा त्याची आहेच.

शेजारच्या गावात इंग्रजी शाळेची पिवळी गाडी येते, तिच्या भाड्याला घरटी किती पैसे जातात, याचा एकदा बचत गटाच्या बैठकीत हिशेब मांडून बघा. खोलीला पैसे कुठून आणायचे, या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथंच मिळेल.