सही करायच्या आधी कागद वाचून घ्या



मासेमारीबंदी लागली की सगळे घरी, आणि घरी बसलं की मोबाईल हातात. ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय, भोपाळमध्ये कोरोनाच्या लशीने माणूस मेला आणि प्रकरण दाबलं. तिघाचौघांनी ऑफिसात येऊन विचारलं, सेक्रेटरी, खरं काय? म्हणून लिहितो.

डिसेंबर २०२० मध्ये भोपाळच्या एका खासगी रुग्णालयात कोव्हॅक्सिनची तिसऱ्या टप्प्याची चाचणी चालू होती. त्यात भाग घेतलेला एक मजूर इंजेक्शननंतर नऊ दिवसांनी वारला. एवढं खरं. पण शवविच्छेदनात विषबाधेचा संशय आला, आणि लशीचा संबंध नाही असं कंपनीने सांगितलं.

"लशीनंतर" आणि "लशीमुळे" यात फरक आहे. काल इंजिनाचं ऑईल बदललं आणि आज जाळं फाटलं, तर ऑईलला दोष देतो का आपण? एका फेरीच्या म्हावऱ्यावरून हंगाम ठरत नाही, तसंच एका माणसावरून लस ठरत नाही. त्यासाठी दोन गट लागतात. या चाचणीत देशभरातले सुमारे २५,८०० लोक होते. अर्ध्यांना लस, अर्ध्यांना लस नसलेलं इंजेक्शन. कुणाला काय दिलं ते त्यांना ठाऊक नव्हतं. पुढे मोजणीत कोरोना झालेले १३० निघाले. त्यातले लसवाले २४, बिनलसवाले १०६. म्हणजे सुमारे ७८ टक्के बचाव. नोव्हेंबर २०२१ मध्ये हे लॅन्सेट मासिकात छापून आलं.

मग भोपाळमध्ये सगळं ठीक होतं का? माझ्या मते नाही. तिथे चाचणीत घेतलेले बरेच लोक १९८४ च्या गॅसकांडातल्या वस्त्यांमधले गरीब. त्यातल्या अनेकांची तक्रार होती की ७५० रुपये मिळतील आणि कोरोनाची लस मिळेल एवढंच सांगितलं, ही चाचणी आहे हे सांगितलंच नाही, सहीच्या कागदाची प्रतही दिली नाही. रुग्णालयाने हे नाकारलं. पण २०१९ च्या नियमांत स्पष्ट आहे: माहिती आपल्या भाषेत द्यायची, वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदार हवा, कागदाची प्रत द्यायची. ज्याच्या हातात प्रत नाही, तो उद्या भांडणार कशावर?

दुसरी चूक सरकारची. परवानगी ३ जानेवारी २०२१ ला दिली, तेव्हा बचावाचे आकडे यायचे होते. थोडं थांबले असते किंवा सगळं उघड मांडलं असतं, तर अफवांना एवढं खाद्य मिळालं नसतं.

आणि लशीला दुष्परिणाम नसतातच असंही कुणी सांगू नये. कोव्हिशील्डच्या जातीच्या लशीने क्वचित रक्ताच्या गुठळ्या होतात, हे युरोपच्या औषध संस्थेने एप्रिल २०२१ मध्येच जाहीर केलं. लाखात एखाददुसऱ्याला होणारी गोष्ट २५ हजारांच्या चाचणीत सापडत नाही. ती नंतर लोकांनी नोंदवली म्हणूनच सापडली.

तेव्हा माझं सांगणं एवढंच. लस घ्या, पोराबाळांनाही द्या. त्रास झाला तर आरोग्य केंद्रात नोंद करा, नुसतं ग्रुपवर टाकू नका. आणि कोणी पैसे देऊन इंजेक्शन किंवा औषध द्यायला आलं तर चार प्रश्न विचारा. ही चाचणी आहे का? मधेच सोडता येईल का? आजारी पडलो तर खर्च कोणाचा? कागदाची प्रत कुठाय?

वाचायला अडचण असेल तर कागद घेऊन ऑफिसात या, मी वाचून दाखवीन. डिझेलच्या बिलावर आपण दोनदा बघून सही करतो. हा तर आपला जीव आहे.

आपला,
सचिव