मारिओचा दुसरा भाग : कसोटी आणि कपट

१९८५ साली 'सुपर मारिओ ब्रदर्स' या व्हिडिओ खेळाला लाभलेल्या अफाट लोकप्रियतेनंतर अवघ्या वर्षभरात निन्टेन्डोने जपानात त्याचा जो दुसरा भाग काढला, तो पहिला भाग कोळून प्यालेल्या खेळाडूंसाठीच रचलेला असल्यामुळे त्याचे गुण आणि त्याचे दोष एकाच मुळातून उगवलेले आहेत.

जमेच्या बाजूस प्रथम नोंदवावयास हवे ते हे, की पूर्वी मारिओ आणि लुइजी या ज्या दोघा भावांत केवळ रंगाचा भेद होता, त्यांपैकी लुइजी येथे अधिक उंच उडी घेतो, परंतु थांबताना घसरतो, आणि त्यामुळे नायकाची निवड हाच एक विचारपूर्वक करावयाचा निर्णय ठरतो.

तथापि, बळ देणाऱ्या अळंब्यासारखेच दिसणारे विषारी अळंबे पुढे करणे, किंवा तिसऱ्या जगात मोठ्या कष्टाने हुडकलेल्या गुप्त वाटेने खेळाडूची रवानगी पुन्हा पहिल्या जगात करणे, ही कौशल्याची परीक्षा नसून विश्वासाची उघड फसवणूक आहे; शिवाय देखाव्यात नावीन्य जवळजवळ नाहीच.

अमेरिकेसाठी हा खेळ फार अवघड ठरवून निन्टेन्डोने १९८८ मध्ये तेथे 'डोकी डोकी पॅनिक' हा निराळाच जपानी खेळ फेरफार करून मारिओच्या नावाने आणला, आणि मूळ दुसरा भाग 'द लॉस्ट लेव्हल्स' या नावाने तेथे पोहोचण्यास १९९३ साल उजाडले. माझ्या मते तो निर्णय रास्तच होता : कठीण असणे हा खेळाचा अधिकार आहे, कपटी असणे हा नव्हे.