‘मी मजेत आहे’



माळा आवरताना १९८४ सालच्या आंतरदेशीय पत्रांचा गठ्ठा सापडला. तेव्हा मी सोलापूरला सासरी, सातवा महिना, वैशाखाचं ऊन. आमचे हे बँकेच्या नोकरीत नागपूरला. दर आठवड्याला मी लिहायची, "कृ. सा. न. वि. वि. मी मजेत आहे. काळजी नसावी."

साफ खोटं! घरात सूर्यास्तानंतर पाण्याचाही त्याग. म्हणजे सकाळपर्यंत अकरा तास घसा कोरडा. दिवसा प्यायचं ते गाळून उकळलेलं. त्या उकाड्यात ते गारच होत नसे आणि कोमट पाणी घशाखाली उतरत नसे. एका पहाटे पोटात कळा आल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंगातलं पाणी कमी झालंय. सलाईन लावलं. तेही मी कळवलं नाही. कसं कळवणार? पत्र चिकटवण्याआधी घरातला प्रत्येकजण त्यात दोन ओळी लिहायचा. सासूबाईंची तक्रार केल्यासारखं झालं असतं.

गंमत म्हणजे ह्यांचीही पत्रं तशीच. "इकडे सर्व ठीक." ऊन लागून आठवडाभर अंथरुणाला खिळले होते, हे मला बाळ वर्षाचं झाल्यावर कळलं. मी पडले कॉमर्सवाली. दोन्हीकडे खोट्या नोंदी, आणि ताळेबंद मात्र जुळलेला!

माझं मत स्पष्ट सांगते, काहींना पटणार नाही. गरोदर बाईने उन्हाळ्यात रात्री पाणी प्यावं, आणि ते तिला घरातल्या मोठ्या बाईने आपणहून सांगावं. सोळाकारण भावनांत ‘शक्तितस्त्याग’, ‘शक्तितस्तप’ ही नावंच आहेत. शक्तीप्रमाणे. पण पोटुशीची शक्ती मोजताना आपण तिच्या सासूची मोजतो. माझ्या सासूबाईंचा नियम शेवटपर्यंत मोडला नाही, त्याबद्दल मला आदरच आहे. त्यांच्या पोटात तेव्हा बाळ नव्हतं, एवढंच.

आता सून त्याच दिवसांत आहे, मुलगा मस्कतला. रोज व्हिडिओ कॉलवर "सगळं छान", आणि सुजलेले पाय कॅमेऱ्याच्या खाली. परवा मी फोन घेतला आणि सरळ तिच्या पायांकडे वळवला. मुलगा गप्प झाला. मग पहिल्यांदा नीट विचारलं त्याने, पाणी किती पितेस, चक्कर येते का, झोप लागते का. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवलं, रक्तदाब ठीक निघाला.

रात्री तिच्या उशाशी तांब्याभांडं ठेवलं.

"आई, रात्री?"

म्हटलं, "पी आधी."