बैलाच्या औषधाला रकाना आहे, माणसाच्या का नाही?



दिघोरीच्या बैठकीत आमची बोलती बंद झाली, तो प्रसंग आधी सांगतो. आम्ही शेतकी पदवीधर. उत्पादन खर्चाचा तक्ता आम्हाला पाढ्यासारखा पाठ. फळ्यावर तक्ता मांडून एकेक रकाना समजावून देत होतो: बियाणे, खत, फवारणी, मजुरी, औजारांचा घसारा, भांडवलावरचे व्याज. बैलजोडीच्या रकान्याशी आलो. वैरण, ढेप, गोठ्याची डागडुजी, औषधपाणी. मागच्या रांगेतून एका म्हाताऱ्या बाईंनी विचारले, "भाऊ, बैलाच्या औषधाले रकाना हाये, मानसाच्या औषधाले काऊन नाई?"

सभा हसली. आम्हीही हसलो. घरी परतताना मात्र हसू मावळले.

दिघोरी भंडारा जिल्ह्यात, लाखांदूर तालुक्यात, धानाच्या मुलखात. तुमच्या वावरात पऱ्हाटी आणि ज्वारी, आमच्या बांधीत धान. पण बाईंचा प्रश्न पीक पाहून विचारलेला नव्हता. दवाखाना आणि शाळा या दोन दरवाजांपाशी कापूसवाला, ज्वारीवाला आणि धानवाला एकाच रांगेत उभे असतात. म्हणून तो प्रश्न या अंकात जिल्हा बैठकीपुढे ठेवतो आहोत.

आमच्या घरच्या वहीतले एक पान

दुसऱ्याच्या घरात डोकावण्याआधी आमचे घर दाखवतो. काही वर्षांपूर्वी ऐन जूनमध्ये वडिलांना लकवा मारला. शंभरावर किलोमीटर दूर नागपूरला एका खासगी दवाखान्यात नेले. आगाऊ रक्कम भरा, मग पाहू, असे खिडकीवर ऐकले. घरात पैसा एकच होता, आठवड्यापूर्वी उचललेले पीककर्ज. ते गेले. वडील वाचले, पण डावा हात गेला तो गेलाच.

त्या वर्षी धानाला किती नत्र, किती स्फुरद, कोणत्या दिवशी द्यायचे हे आम्हाला तोंडपाठ होते. गावाला आम्हीच सांगत होतो. आमच्या बांधीत मात्र अर्धीच मात्रा पडली, तीही उशिरा, आणि रोवणीही मागे पडली. पीक अर्ध्यावर आले, कर्ज थकले. बँकेच्या कागदावर त्याचे नाव 'पीककर्ज थकीत'. आमच्या घरच्या वहीतही आम्ही तो दवाखाना 'खत' या पानावरच लिहिला, कारण दवाखान्याला पानच नव्हते. पदवीधर माणसाने स्वतःच्या वहीत खोटे लिहिले. तुमच्यापैकी किती जणांच्या वहीत असे खत पडले आहे, ज्याने एक दाणाही पिकला नाही?

तक्ता काय म्हणतो

हमीभाव ठरवण्यासाठी केंद्राचा कृषी मूल्य आयोग खर्च मोजतो. १ फेब्रुवारी २०१८ च्या अर्थसंकल्पात दीडपट भावाची घोषणा झाली. तिचा पाया 'ए-२ अधिक एफ.एल.', म्हणजे रोख खर्च आणि घरच्या माणसांचे श्रम. जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरचे व्याज धरणारा 'सी-२' खर्च बाजूला राहिला. त्यावर आपण पुष्कळ भांडलो आहोत, पुढेही भांडू. आज घरच्या माणसांच्या श्रमांबद्दल बोलू.

बैलाचे श्रम मोजताना त्याचा वर्षभराच्या संगोपनाचा खर्च काढतात आणि तो कामाच्या तासांवर वाटतात. म्हणजे बैल उन्हाळ्यात रिकामा बांधला असला तरी त्याचे पोट तक्त्यात भरलेले असते. घरच्या माणसाचे काय? त्याने वावरात जितके दिवस घालवले तितके दिवस, शेतमजुराच्या मजुरीने. उरलेल्या दिवसांत त्याने खावे काय, तापाला गोळी घ्यावी कुठून, पोरीची फी भरावी कशातून, हा तक्त्याचा विषय नाही. बैल बारा महिन्यांचा, माणूस मात्र रोजंदारीचा!

कोणी म्हणेल, मजुरीच्या दरात सगळे आलेच. आले असते तर शेतमजुराच्या घरी दवाखान्याचे कर्ज नसते. मजुराला पुरत नाही तोच दर मालकाला लावायचा आणि त्याला खर्च भरून निघाला म्हणायचे, हे गणित फक्त कागदावर जुळते.

एक भरती, सव्वा ते दीड एकर

आकडे पाहा. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागात खासगी दवाखान्यातल्या एका भरतीचा सरासरी खर्च, बाळंतपण सोडून, २७,३४७ रुपये निघाला. सरकारी दवाखान्यात तो ४,२९० रुपये होता. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ४,३२० रुपये क्विंटल. म्हणजे खासगी दवाखान्यातली एक भरती सहा क्विंटलांहून जास्त कापसाला पडली. कोरडवाहूत एकरी चार-पाच क्विंटल धरले तर सव्वा ते दीड एकराची सगळी वेचणी गेली, अजून बियाणे, फवारणी आणि वेचाईची मजुरी द्यायचीच आहे. संकरित ज्वारीचा भाव १,७०० होता, तिच्या हिशेबाने सोळा क्विंटल.

२०१८-१९ च्या पाहणीत देशातल्या शेतकरी कुटुंबाला पिकातून मिळणारी निव्वळ प्राप्ती महिन्याला सरासरी ३,७९८ रुपये होती, वर्षाची ४५,५७६. म्हणजे एका भरतीत सात महिन्यांची शेती संपली. पिकापेक्षा मजुरीची मिळकत जास्त होती, ४,०६३ रुपये. देशाचा कास्तकार वावर जगवायला दुसऱ्याच्या कामावर जातो, हे सरकारचेच कागद सांगतात.

पगारदाराचा तक्ता

आता दुसरा तक्ता. १९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनात काय काय धरावे ते ठरवले: अन्न, कापड, घरभाडे, जळण-दिवाबत्ती. १९९१ साली रेप्टाकोस ब्रेट कंपनीच्या कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यात भर घातली. मुलांचे शिक्षण, औषधोपचार, सणवार, म्हातारपण आणि लग्नकार्य यांसाठी किमान वेतनात आणखी पंचवीस टक्क्यांचा वाटा असला पाहिजे, असे सांगितले. लग्नकार्य हा शब्द नीट वाचा. शेतकऱ्याने मुलीच्या लग्नाला कर्ज काढले की ती उधळपट्टी, कामगाराच्या बाबतीत देशातले सर्वांत मोठे न्यायालय तो किमान गरजेचा भाग मानते.

२०१८-१९ मध्ये केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला एका मुलामागे महिन्याला २,२५० रुपये शिक्षण भत्ता होता, दोन मुलांपर्यंत. दोघांचे वर्षाचे ५४,००० झाले. पगार वेगळा, दवाखान्याची सोय वेगळी. त्याच वर्षी शेतकरी कुटुंबाची पिकाची सगळी प्राप्ती ४५,५७६! त्याच्या दोन पोरांच्या शाळेला जे मिळते ते आपल्या अख्ख्या घराला वावर देत नाही.

आम्हाला त्याचा हेवा नाही. त्याच्या हातचे काढून घ्या असे आम्ही म्हणत नाही. माणूस कामावर उभा राहायचा तर त्याचा दवाखाना आणि त्याच्या मुलांची शाळा ही त्या कामाचीच किंमत आहे, हे तत्त्व देशाने त्याच्यासाठी मान्य केले. मग आपल्यालाच का वगळले, एवढेच विचारतो. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे सांगितले होते की सरकारी महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा लाभ वरचे वर्ग घेतात. रकाना तेव्हाही चुकला होता.

'घरगुती कारण'

रकाना चुकला की माणसेही हिशेबातून गळतात. शेतकऱ्याने आत्महत्या केली तर वारसाला एक लाखाची मदत. पण २००६ पासूनची कसोटी अशी की नापिकी, बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे कर्ज आणि वसुलीचा तगादा यांतून ती झालेली असली पाहिजे. आजार निघाला, मुलीचे लग्न निघाले, की 'घरगुती कारण' आणि प्रकरण 'अपात्र'.

त्याच २००६ साली सरकारने पश्चिम विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत शेतकरी कुटुंबांची घरोघर पाहणी केली, सुमारे सतरा लाख घरांची. तीन लाखांवर घरांत मुलीच्या लग्नाची विवंचना आणि नव्वद हजारांवर घरांत गंभीर आजारी माणूस आढळला. इतक्या घरांत एकच गोष्ट असेल तर ती घरगुती कशी? आणि २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली, शेकडो दवाखान्यात पडली. ते आजारपण शेतीचे की घरचे? कारखान्यातल्या कामगारासाठी १९४८ सालीच राज्य विमा कायदा झाला. आपल्याला अपघातात मेल्यावर दोन लाखांचे सानुग्रह अनुदान. मरणाला रकाना सापडला, जगण्याला नाही.

चूक आपलीही आहे

भावांनो, बोट सरकारकडे करताना उरलेली तीन बोटेही पाहू. डी.एड.चे वारे आले तेव्हा कितीकांनी डोनेशनसाठी एकर-दोन एकर काढले. २०१२ मध्ये शिक्षकभरती थांबली आणि पोरे प्रमाणपत्र घेऊन पुन्हा धुऱ्यावर आली. आज तीच धाव शहरातल्या शिकवणी वर्गांकडे आहे. पोरगा शिकावा हे खरेच, पण त्याची कुवत आणि आवड न पाहता, शेजाऱ्याने भरले म्हणून पैसा भरणे हे शिक्षण नव्हे. दुखणे अंगावर काढायचे आणि मग रात्री गाडी करून मोठ्या दवाखान्यात पळायचे, हेही आपलेच. आणि घरातल्या बाईला हिशेब न सांगणे ही तर मोठीच चूक. दिघोरीतला खरा प्रश्न एका बाईनेच विचारला ना?

बँकवाले 'आर्थिक साक्षरते'चे शिबिर घेऊन बचत शिकवतात. उरले तर वाचवू! पण जे नियमाने आपले आहे ते तरी सोडू नका.

किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा ठरवताना पीककर्जाच्या दहा टक्के रक्कम काढणीनंतरच्या आणि घरखर्चाच्या गरजेसाठी धरायची असते. पिकाची मर्यादा एक लाख बसली तर दहा हजार. ती धरली का, हे बँकेला लेखी विचारा. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे व्याज शून्य पडते. म्हणून दवाखान्यासाठी पीककर्ज थकवणे सर्वांत महाग. सावकाराकडे जाणे भागच पडले तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली शेतकऱ्याला तारणावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण १२ टक्के एवढाच दर आहे हे लक्षात ठेवा. शेकडा तीन म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के!

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार आहेत. दवाखाना योजनेतला आहे का हे भरती होण्याआधी विचारा, आरोग्यमित्राला शोधा. मुलींना व्यावसायिक शिक्षणाची शिकवणी आणि परीक्षा फी जुलै २०२४ पासून पूर्ण माफ आहे, आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांत, उत्पन्न आठ लाखांपर्यंत. अल्पभूधारकाच्या मुलांना पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ताही आहे. अर्ज न करणाऱ्याला यातले काही मिळत नाही.

पण योजना म्हणजे भाव नव्हे. योजना भरतीनंतर सुरू होते. रक्तदाबाची आणि साखरेची रोजची गोळी, आजाऱ्याजवळ बसणाऱ्याची बुडालेली मजुरी, ऐन वेचणीत पडलेले घर, हे सारे योजनेबाहेर. ते घामाच्या दामातूनच निघायचे असते.

जिल्हा बैठकीपुढचा ठराव

एक : उत्पादन खर्चात घरच्या माणसांचे श्रम रोजंदारीने न मोजता बारा महिन्यांच्या कुटुंबपोषणाच्या खर्चावरून मोजावेत. बैलाला लावलेला न्याय माणसाला लावावा.

दोन : शिक्षण, औषधोपचार, म्हातारपण आणि लग्नकार्य यांसाठी न्यायालयाने कामगाराला सांगितलेला पंचवीस टक्क्यांचा वाटा त्या श्रममूल्यात धरावा. किसान क्रेडिट कार्डातला दहा टक्क्यांचा भागही त्याच प्रमाणात वाढवावा आणि पासबुकात वेगळा दाखवावा.

तीन : आत्महत्येच्या चौकशीतून 'घरगुती कारण' हा शेरा काढावा. आजारपणाचे कर्ज हे शेतीचे कर्ज मानावे.

ठराव पुराव्यावर उभा राहतो आणि पुरावा तुमच्या घरात आहे. पुढच्या बैठकीला येताना मागच्या तीन हंगामांची वही घेऊन या. वही नसेल तर आठवून लिहा, घरच्या बाईला शेजारी बसवून लिहा. पिकाचे पान वेगळे, दवाखान्याचे वेगळे, शाळेचे वेगळे. दवाखाना खतात लपवू नका. लाज आपल्याला वाटायचे कारण नाही. ज्यांनी तक्ता आखला त्यांना ती वाटली पाहिजे. गावोगावच्या वह्यांची बेरीज करून ती आपण कृषी मूल्य आयोगाकडे पाठवू.

दिघोरीच्या त्या बाईंना आम्ही त्या दिवशी उत्तर दिले नाही. ते आम्हा एकट्याच्या वहीतून निघणारे नव्हते. तुमच्या वह्या आल्या की त्या घेऊन आम्ही त्यांच्या दारी जाऊ.