केप व्हर्डे खिरापतीवर आलेला नाही



केप व्हर्डेला २०२६च्या फुटबॉल विश्वचषकाचे तिकीट संघसंख्या ४८ झाल्यामुळेच मिळाले, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे अर्धेच खरे आहे. आफ्रिकेच्या जागा वाढल्या, हे मान्य. पण पात्रता फेरीच्या प्रत्येक गटातून थेट पात्र होणार होता तो फक्त अव्वल संघ, आणि केप व्हर्डेच्या गटात आठ विश्वचषक खेळलेला कॅमेरून होता. त्याला राजधानी प्राइयात १-० असे नमवून जेमतेम सव्वापाच लाख वस्तीच्या या द्वीपदेशाने गट जिंकला.

हा एका दिवसाचा चमत्कारही नव्हे. २०२४च्या आरंभी झालेल्या आफ्रिकन चषकात याच संघाने घानाला हरवले, इजिप्तला बरोबरीत रोखले आणि उपांत्यपूर्व फेरीत तो पेनल्टी शूटआउटमध्येच हरला. पोर्तुगाल, नेदरलँड्समध्ये स्थायिक झालेल्या देशवासीयांची मुले संघाला बळ देतात. डब्लिनमध्ये जन्मलेल्या रॉबर्टो लोपेसला तर बोलावणे लिंक्डइनवरून आले!

विश्वचषकातील गटात स्पेन आणि उरुग्वे भारी आहेत, यात वाद नाही. मात्र बारा गटांत तिसऱ्या आलेल्या संघांपैकी आठ बाद फेरीत जाणार आहेत. २०१६च्या युरोमध्ये पोर्तुगाल तीन बरोबऱ्यांवर गटात तिसरा आला आणि पुढे विजेता ठरला. केप व्हर्डे विजेता होणार नाही. पण गटातल्याच सौदी अरेबियाला हरवले, तर बाद फेरी नक्कीच आवाक्यात आहे.

– एक वाचक, कोल्हापूर