‘विकी’ची भाषा

शाळेचा प्रकल्प आला की तुम्ही विकिपीडिया उघडता. पण त्यातलं ‘विकी’ कुठून आलं, सांगा बरं! ते आलंय थेट पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटांवरून. तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत ‘विकी’ म्हणजे झटपट!

या हवाईयन भाषेवर मोठं संकट आलं होतं. १८९६ साली कायदा झाला, की शाळेत शिकवायचं ते इंग्रजीतूनच. आपली भाषा बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होऊ लागली. हळूहळू आईवडीलही घरात मुलांशी इंग्रजीच बोलू लागले. शेवटी निईहाऊ नावाचं एक छोटं बेट सोडलं, तर ही भाषा घरात बोलणारी मुलं जवळजवळ उरलीच नाहीत.

मग लोक जागे झाले. १९७८ साली हवाईयनला राज्यभाषेचा मान मिळाला. १९८४ साली ‘पूनाना लेओ’ बालवाडी सुरू झाली. पूनाना लेओ म्हणजे आवाजाचं घरटं! तिथे बोलायचं ते हवाईयनमध्येच.

आणि २०१८ साली ही भाषा ‘डुओलिंगो’ अ‍ॅपवर आली. आता कुणीही मोबाइलवर ती शिकू शकतं. अक्षरं फक्त १३. त्यातलं एक अक्षर म्हणजे घशातला बारीकसा थांबा! ‘कोउ’ म्हणजे ‘तुझं’. आता ‘को’ आणि ‘उ’ यांच्यामध्ये घसा क्षणभर बंद करून म्हणा. झालं ‘माझं’! एवढ्याशा थांब्यानं वस्तूचा मालकच बदलतो.

अ‍ॅपची खुबी ही, की कितीही चुकलात तरी ते कंटाळत नाही. पण एक मेख आहे. अ‍ॅप शिकवतं इंग्रजीतून. तिघं किंवा जास्त जण असले, तर हवाईयनमध्ये ‘माकोउ’ म्हणजे आम्ही आणि ‘काकोउ’ म्हणजे आपण. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द, ‘वी’! तुमचा मात्र गोंधळ होणार नाही. ‘आम्ही सर्कसला चाललोय’ आणि ‘आपण सर्कसला चाललोय’ यातला फरक, ज्याला घरी थांबायचंय त्याला बरोब्बर कळतो!

अ‍ॅप शब्द देतं, पण रुसत नाही, चिडवत नाही, गोष्ट सांगत नाही. त्यासाठी माणसंच लागतात. म्हणून तर पूनाना लेओमध्ये मुलांच्या आईबाबांनाही भाषा शिकावी लागते.

आपल्याकडेही गडचिरोलीत गोंडी, मेळघाटात कोरकू, पालघरमध्ये वारली बोलतात. २०२५ साली केंद्र सरकारनं ‘आदि वाणी’ हे भाषांतराचं अ‍ॅप आणलं. त्याची सुरुवात गोंडी, भिली, संताळी आणि मुंडारी या भाषांनी झाली. छानच झालं! पण तुमच्या वर्गात घरी अशी भाषा बोलणारं कुणी असेल, तर मोबाइलच्या आधी त्याच्याकडे जा. त्याच्या बोलण्याला हसू नका. एवढंच विचारा, “तुमच्यात ‘आम्ही’ला काय म्हणतात? आणि ‘आपण’ला?”

उत्तर वहीत लिहून ठेवा. आणि त्या दिवसापासून त्याच्याशी बोलताना ‘आपण’च वापरा!