इंग्रजी येतं हो, बोलायला कुठे मिळतं?

ज्या बाईच्या इंग्रजीला घरात सगळ्यात जास्त हसतात, तिच्याच इंग्रजीवर हल्ली अख्ख्या घराची फाईल अडून बसते! वाचून गंमत वाटेल, पण आजूबाजूला बघा जरा.

आमचं इंदिरानगर म्हणजे बहुतेक नोकरदारांची वस्ती. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत नोकरी लागली, कर्ज काढून इथे घर झालं, मुलं शिकली आणि आता ती मुलं परदेशाची वाट धरताहेत. मी मराठी शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. त्यामुळे दुपारच्या वेळी कुणी ना कुणी दार वाजवतंच. "बाई, महिन्यावर परीक्षा आलीय. लिहायचं, वाचायचं होईल हो. पण ते बोलायचं?" आणि ही येणारी कॉलेजातली पोर असतेच असं नाही. कधी दोन मुलांची आई असते, कधी दहा वर्षं वॉर्डात काम केलेली नर्स, कधी नुकतं लग्न झालेली सून.

या तिघींचंही काम तोंडी परीक्षेशीच येऊन थांबतं. कॅनडात कायम राहायला अर्ज करताना नवरा मुख्य अर्जदार असला, तरी एक्स्प्रेस एन्ट्रीच्या गुणांकनात बायकोच्या भाषेचेही गुण धरतात, ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं मिळून जास्तीत जास्त २०. एकेका गुणासाठी जिथे झुंबड, तिथे वीस गुण म्हणजे चेष्टा नाही. नर्सला ब्रिटनमध्ये नोंदणी हवी तर आयईएलटीएसमध्ये बोलण्याला ७ बँड लागतात, किंवा मग आरोग्यसेवकांसाठीची ओईटी ही परीक्षा द्यायची. आणि ब्रिटनमध्ये कायम स्थायिक झालेल्या नवऱ्याकडे जाणाऱ्या सुनेला नोव्हेंबर २०१० पासून बोलण्या-ऐकण्याची प्राथमिक इंग्रजी परीक्षा बंधनकारक झाली. म्हणजे सात फेरे झाले, मंगळसूत्र आलं, तरी मध्ये इंग्रजी उभंच!

आता माझं मत सरळ सांगते. आपल्या बायका या परीक्षेत अडतात त्या इंग्रजी येत नाही म्हणून कमी आणि बोलायची सवय नाही म्हणून जास्त. इंग्रजीच कशाला, कुठल्याच भाषेत सलग बोलायची सवय नाही.

पटत नाही? मग त्या परीक्षेत काय विचारतात ते बघा. आयईएलटीएसची तोंडी परीक्षा अवघी ११ ते १४ मिनिटांची. समोर एक परीक्षक, बोलणं रेकॉर्ड होतं. पहिली चार-पाच मिनिटं तुमच्याविषयीच: घर कुठे, काम काय, फावल्या वेळात काय करता. मग हातात एक कार्ड येतं. त्यावर एक विषय, जसं की आवडती जागा, आठवणीतली भेट, मदत केलेली व्यक्ती. विचार करायला एक मिनिट, कागद-पेन्सिल देतात, आणि मग एक ते दोन मिनिटं एकटीने बोलायचं. शेवटची चार-पाच मिनिटं त्याच विषयावर थोडी खोल चर्चा: तुमचं मत काय, पूर्वी कसं होतं, पुढे कसं होईल.

यात अवघड शब्द कुठे आहे? शेक्सपिअर कुठे आहे? आवडत्या जागेबद्दल दोन मिनिटं बोल म्हटलं, की आपली बाई गप्प होते. कारण घरात तिचं वाक्य पुरं होण्याआधीच कुणीतरी म्हणतं, "बरं, चहा टाक." मत विचारलं तर "आमच्या ह्यांना विचारून सांगते" ही वर्षानुवर्षांची सवय. आणि तिथे परीक्षक तर नेमकं तिचंच मत मागतो! मी माझ्याकडे आलेल्या प्रत्येकीला पहिल्या दिवशी हीच परीक्षा मराठीत घ्यायला लावते. घड्याळ लावून दोन मिनिटं, विषय 'माझं माहेर'. अहो, चाळीस सेकंदांत संपतं! माहेरासारखा विषय, आणि चाळीस सेकंद. ही तिला इंग्रजी न येण्याची गोष्ट नाही.

त्यातून आमच्या पिढीचं आणखी एक. महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० साली. त्याआधी शिकलेल्या बहुतेकींनी एबीसीडी गिरवली ती पाचवीत, आणि तीही धडा वाचा, अर्थ लिहा, प्रश्नोत्तरं पाठ करा एवढ्यापुरती. मराठी शाळेच्या वर्गात इंग्रजी कानावर पडायचं, तोंडात क्वचित यायचं. म्हणून आज ही बाई इंग्रजी पेपर चाळते, मुलांचा अभ्यास घेते, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचते, पण फोनवर इंग्रजीतून कुणी बोललं की रिसीव्हर नवऱ्याकडे. २०१२ साली 'इंग्लिश विंग्लिश' चित्रपटात श्रीदेवीने रंगवलेली शशी गोडबोले आपल्याला इतकी जवळची वाटली ती उगाच नाही. लाडू करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण पोटची मुलगीच आईच्या इंग्रजीची लाज बाळगत होती.

या भीतीवर मग दुकानं चालतात. "तीस उत्तरं पाठ करा, सात बँड घ्या!" अशा जाहिराती मी वाचल्या आहेत. मैत्रिणींनो, पाठांतराच्या नादी लागू नका. परीक्षकांना पाठ केलेलं उत्तर ओळखायचं शिक्षण दिलेलं असतं. दोन वाक्यं सफाईदार आली आणि तिसऱ्याला गाडी थांबली, की त्यांना कळायचं ते कळतं आणि गुण कमी होतात. दुसरी फसवणूक उच्चारांची. गोऱ्या साहेबासारखं तोंड वाकडं करून बोलायला शिकवतात. गरज नाही. गुण चार गोष्टींना असतात आणि चारही सारख्या वजनाच्या: बोलण्याचा ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार. उच्चारात बघतात ते एवढंच की ऐकणाऱ्याला नीट समजतं का. तुमचं इंग्रजी नाशिकचं आहे म्हणून कुणी गुण कापत नाही.

हां, आपल्या मराठी जिभेच्या काही खोडी आहेत, त्या मात्र ओळखून ठेवाव्यात. एक तर मजेशीर आहे. नवऱ्याविषयी इंग्रजीत बोलताना कितीतरी जणी 'ही' म्हणायच्या ऐवजी 'दे' म्हणतात! "माय हजबंड, दे आर वर्किंग इन बँक." का? तर मराठीत आपण त्यांना 'ते' म्हणतो, एकेरीत बोलायला जीभ रेटत नाही. अहो, इंग्रजीत 'ही' म्हटल्याने मान कमी होत नाही. तिथे पंतप्रधानही 'ही'च आणि दूधवालाही 'ही'च. दुसरी खोड 'व'ची. इंग्रजीत दोन 'व' आहेत. एक वरचे दात खालच्या ओठाला टेकवून, जसा 'व्हेरी'मधला, आणि दुसरा ओठांचा चंबू करून, जसा 'वॉटर'मधला. आरशासमोर आठ दिवस केलं की जमतं. तिसरं, आपण सगळी अक्षरं सारख्या जोराने म्हणतो, तर इंग्रजी शब्दात एकाच ठिकाणी जोर असतो. 'फोटोग्राफ'मध्ये तो पहिल्या 'फो'वर, तर 'फोटॉग्रफी'मध्ये 'टॉ'वर. एवढं सांभाळलं तरी बोलणं कितीतरी स्पष्ट होतं.

मग तयारी करायची कशी? माझी पद्धत साधी आहे, पैसे लागत नाहीत. पहिला आठवडा रोज एक विषय घ्या आणि दोन मिनिटं मराठीत बोला. कोण, कुठे, कधी, का, आणि मला काय वाटलं, हे पाच खुंटे ठोकले की विषय आपोआप ताणला जातो. दुसऱ्या आठवड्यात तोच विषय इंग्रजीत, मोबाईलवर रेकॉर्ड करून. शब्द अडला तर थांबू नका, वळसा घाला. 'उखळ' आठवत नाही तर 'दगडाचं भांडं, ज्यात आजी मसाला कुटायची' असं इंग्रजीत सांगा. असं वळसा घालून सांगता येणं हेही भाषेचं कौशल्यच आहे. आपलंच रेकॉर्डिंग ऐकायला पहिल्यांदा नको वाटतं, पण ऐका. तिसऱ्या आठवड्यापासून दुसरं माणूस हवं, प्रश्न विचारणारं. आमच्याकडच्या दोघी जॉगिंग ट्रॅकवर फेऱ्या मारताना एकमेकींना प्रश्न विचारतात, एका फेरीत एक विषय. लोक बघतात, बघू देत.

परीक्षेच्या खोलीतलीही दोन-तीन पथ्यं. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारा, त्यात कमीपणा नाही. चूक लक्षात आली तर लगेच सुधारून पुढे चला. दोन मिनिटं झाल्यावर परीक्षकाने मध्येच थांबवलं तर घाबरू नका, ती वेळेची शिस्त असते. आणि 'हो', 'नाही' एवढ्यावर उत्तर संपवू नका, त्याला एक 'कारण' जोडा. नर्सनी ओईटी दिली तर तिथे दोन प्रसंग करून दाखवायचे असतात, प्रत्येकी पाचेक मिनिटांचे. समोरचा माणूस रुग्ण किंवा नातेवाईक होतो, तुम्ही नर्स. म्हणजे रोज वॉर्डात करता तेच. घाबरलेल्या बाईला इंजेक्शन देताना मराठीत जी माया असते, ती इंग्रजीत उतरली पाहिजे.

कुणी म्हणेल, नवरा-बायकोच्या मध्ये परीक्षा आणणं हाच अन्याय नाही का? आहे, मलाही तो नियम टोचतो. ज्या सरकारला माणसं नको आहेत, ते भाषेची चाळणी लावतं, हे न कळण्याइतक्या आपण भोळ्या नाही. पण भाषा मात्र सरकारसाठी शिकायची नाही, आपल्यासाठी शिकायची. परक्या देशात मूल तापाने फणफणलं आणि नवरा कामावर असला, तर डॉक्टरशी कोण बोलणार? शाळेत बाईंना कोण भेटणार? आणि देव न करो, पण घरातच छळ सुरू झाला तर मदतीचा फोन कोण करणार? अशा वेळी प्रत्येक शब्दासाठी नवऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागणारी बाई कशी अडकून पडते, हे वेगळं सांगायला नको. प्रमाणपत्र दोन वर्षांत शिळं होतं, पण जिभेवर आलेली भाषा कुणी काढून घेत नाही.

आपल्या नाशिकलाच याचा एक जुना दाखला आहे. रमाबाई रानडे यांनी १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत आपल्या शिकण्याची हकीकत लिहिली आहे. लग्न अकराव्या वर्षी झालं, तेव्हा अक्षरओळखही नव्हती. न्यायमूर्ती रानड्यांनी शिकवायला घेतलं, पुढे इंग्रजीही, तर घरातल्या बायकांनी टोमण्यांनी जीव नकोसा केला. पुढे बदलीने ही मंडळी नाशिकला आली आणि रमाबाईंनी पहिलं जाहीर भाषण केलं ते इथल्या हायस्कुलात. ते भाषणसुद्धा रानड्यांनी लिहून दिलेलं होतं! पण त्या तिथेच थांबल्या नाहीत. त्याच रमाबाई १९०४ साली मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेच्या अध्यक्ष झाल्या. पहिलं बोट कुणी धरलं तर त्यात वाईट काही नाही, मात्र पुढे आपलं आपण चालायचं असतं.

म्हणून शेवटचं सांगणं घरच्यांना. परीक्षेची फी पंधरा हजारांच्या वर गेली आहे. मुलासाठी ती दोनदा भरताना कुणी हूं की चूं करत नाही, मग सुनेला किंवा बायकोला "एकदाच देऊ, बघ बाई, पास हो" असा दम कशाला? आणि फी भरून कर्तव्य संपत नाही. रोजचा अर्धा तास द्या तिला. त्या वेळात चहा आपला आपण करून घ्या. ती चुकली तर हसू नका, ती बोलत असताना मध्ये तोंड घालू नका.

आणि सख्यांनो, परीक्षा असो वा नसो, आज रात्री जेवणं आटोपल्यावर घड्याळ समोर ठेवा आणि दोन मिनिटं बोला, स्वतःविषयी. आधी आपल्या मराठीत. ती दोन मिनिटं पुरेनाशी झाली, की समजा इंग्रजीची वेळ झाली.